बाकाची काळजी

एका जंगलात एक बाक होता. जंगलात जे जे असतं ते सगळं होतंच, म्हणजे सिंह, झरा, कारभारी वगैरे. पण आपली गोष्ट बाकाची आहे. तेव्हा मुलांनो, सिंह कधी येणार असं सारखं विचारू नका. तो शेवटी येईल. सिंह शेवटीच येतात.

झरा डोंगराच्या पायथ्याशी होता आणि भुरकाबाई नावाची म्हातारी अस्वलीण वरच्या गुहेत राहायची. तिचे गुडघे गेले होते. एका दमात चढण चढवत नसे आणि जमिनीवर टेकलं तर उठवत नसे. म्हणून टोकोबा नावाच्या सुतारपक्ष्यानं वादळात पडलेल्या जांभळाचा एक बाक केला आणि चढणीच्या मध्यावर ठेवला. बाक होता म्हणून भुरकाबाईला पाणी मिळत होतं.

बाक कसा जपायचा तेही टोकोबानं सांगून ठेवलं होतं. "आजी, पायांखालचे दगड हलू देऊ नका. पाय मातीत रुतले की ओल वर चढते. पावसाळ्याआधी करंजाचं तेल चोळा. आणि रोज बसत जा."

"रोज बसून झिजेल ना रे?"

"झिजू दे. बसणाऱ्याला बिघाड आधी कळतो. फळी निघाली की त्याच्याच ढुंगणाला टोचते."

भुरकाबाईनं बारा पावसाळे तेल चोळलं. बाक उन्हानं पांढुरका झाला, जरा तिच्यासारखाच दिसू लागला. पण कुरकुरला नाही. कुरकुरायचे ते गुडघे.

एके दिवशी राजाचे कारभारी तरसोपंत त्या वाटेनं आले. तरसोपंतांना वस्तू जपायची भारी हौस. लग्नात मिळालेल्या गादीवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलं नव्हतं. रात्रभर घामानं पाठ चिकटायची, पण गादी नवी होती.

बाक पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अरेरे! रंग पार उडाला की!"

"उन्हात लाकूड असंच होतं," टोकोबा म्हणाला. "म्हातारं झालंय, आजारी नाही."

"म्हाताऱ्यांची अशी आबाळ?" तरसोपंत कळवळून म्हणाले. "आजी, जरा उठा बघू. मला बाक नीट बघू दे."

भुरकाबाई उठली. ती पुन्हा कधी त्या बाकावर बसली नाही.

पहिल्या दिवशी बाकाला हिरवा ऑइलपेंट लागला. दुसऱ्या दिवशी दगड काढले, कारण ते शोभत नव्हते. पाय हातभर मातीत पुरले, कारण बाक चोरीला जाऊ नये. तिसऱ्या दिवशी सगळा बाक प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीनं आवळला. चौथ्या दिवशी पाठीला पाटी ठोकली, चांगले चार लांब खिळे मारून. पाटीवर लिहिलं होतं, 'बाकाची काळजी घ्या. बसू नये.'

"पंत, आत ओल कोंडेल," टोकोबा म्हणाला. "लाकडाला वारा लागतो."

"तुम्ही भोकं पाडणारे. तुम्हाला काय कळणार जपणं?"

भुरकाबाईनं विचारलं, "मग मी कुठं बसू?"

"आजी, बाक तुमचाच आहे," तरसोपंत प्रेमानं म्हणाले. "म्हणून तर जपतोय."

त्यानंतर भुरकाबाई झऱ्यावर एक दिवसाआड जाऊ लागली. मग चार दिवसांनी. मग ती पानांवरचं दव चाटू लागली आणि टोकोबा चोचीतून पाणी आणू लागला. सुतारपक्ष्याच्या चोचीत किती पाणी मावतं, ते तुम्हीच बघा. मला सांगताना बरं वाटत नाही.

पावसाळा संपला आणि महाराज सिंह बाक बघायला आले. प्लास्टिक काढलं. बाक हिरवागार चकचकीत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भुरकाबाईलाही धरून आणलं होतं.

"आजी, पहिला मान तुमचा," तरसोपंत म्हणाले.

भुरकाबाईनं बाक हुंगला. अस्वलाचा सारा जन्म वारुळं फोडण्यात जातो, त्याला वाळवीचा वास शिकवावा लागत नाही. ती म्हणाली, "मी नाही बसत. आत दुसरं कुणी बसलंय. वाळवी आहे."

"शुभप्रसंगी असं बोलू नये, आजी."

"मग आम्हीच बसतो," महाराज म्हणाले, आणि बसले.

बाकाचा भुगा झाला. चार खिळे मात्र शाबूत होते. महाराजांनी ते जातीनं तपासले, एकाच वेळी चारही.

चौकशी झाली. भुरकाबाई त्या बाकावर बारा वर्षं बसली होती, हे सिद्ध झालं. काळजी घेतली त्या वर्षात एकदाही कुणी बसलं नव्हतं, हेही सिद्ध झालं. तेव्हा बाक कुणामुळे मोडला हे उघडच होतं. भुरकाबाईला बाक वापरल्याबद्दल समज देण्यात आली. तरसोपंतांना बढती मिळाली.

आठवड्याभरानं ते पुन्हा त्या चढणीवर आले. मध्यावर दोन दगडांवर एक फळी होती. साल न काढलेली, वाकडी, बघवत नव्हती.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"सरपण आहे, पंत," टोकोबा म्हणाला.

तरसोपंतांनी नाक मुरडलं आणि ते पुढे गेले. ते वळणाआड होईपर्यंत भुरकाबाई उभी राहिली. मग ती बसली, आणि बराच वेळ बसली.

तात्पर्य: एखाद्या वस्तूवर खरा जीव असेल, तर चारचौघांत तिला सरपण म्हणावं. बढती मिळाल्यावर तरसोपंतांकडे आता झऱ्याची काळजी सोपवली आहे. तेव्हा मुलांनो, कुणी विचारलंच, तर तिथं एक डबकं आहे असं सांगा.