आफ्रिकेला शाल-श्रीफळ

डब्लिनमधल्या एका विद्यापीठाने आपला आफ्रिका अभ्यास विभाग बंद करायचे ठरवले. कारण अगदी साधे होते: नियमात बसायला एक विद्यार्थी कमी पडत होता. विभागप्रमुख डॉ. अमाका आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन मदतीसाठी दारोदार हिंडत होत्या, आणि हिंडता हिंडता त्या पोचल्या नेमक्या शशिकांत पाटणकरांच्या दारी.

शशिकांतराव दिवसा ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत आणि उरलेल्या वेळात मराठी मंडळाचे अध्यक्ष असत. पाठिंबा म्हटला की त्यांना चेव चढे.

"काळजी सोडा मॅडम. मंडळ तुमच्या पाठीशी आहे."

"आम्हाला फक्त एक विद्यार्थी हवाय," अमाका म्हणाल्या.

"तेही बघू. आधी सत्कार."

झाले! पाठिंबा समिती नेमली गेली. तीत नाव नाही म्हणून मंडळातले मोरेश्वर रुसले, तेव्हा त्यांच्यासाठी समन्वय उपसमिती काढली. टॅला उपनगरातल्या हॉलमध्ये समारंभ ठरला आणि विभागाच्या मुलांना खुर्च्या मांडायला बोलावले गेले. कार्यक्रम त्यांचा, मग त्यांचा सहभाग नको? मोरेश्वरांनी बाईंची ओळख 'खास आफ्रिकेहून आलेल्या पाहुण्या' अशी करून दिली. बाईंचा जन्म इथल्याच, आयर्लंडमधल्या कॉर्कचा. मग अध्यक्ष बोलले, माजी अध्यक्ष बोलले, आणि ज्या माजी अध्यक्षांना येता आले नाही त्यांच्या पत्नी सर्वांत जास्त बोलल्या. वेळेअभावी अमाकाबाईंना आभारप्रदर्शनातली दोन वाक्ये मिळाली. अंगावर शाल, हातात नारळ, अशा अवस्थेत त्यांनी पुन्हा तो एक विद्यार्थी मागितला.

तेव्हा क्षितिजा उठली. शशिकांतरावांची एकुलती एक लेक, यंदाच शाळा संपवलेली.

"आय'ल डू इट, बाबा. आय'ल पुट इट फर्स्ट ऑन माय कॉलेज फॉर्म."

हॉल टाळ्यांनी दणाणला. अमाकाबाईंचे डोळे भरून आले. शशिकांतरावांनीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

घरी येताच त्यांनी लेकीला समोर बसवले. "अगं, पाठिंबा वेगळा, ॲडमिशन वेगळी."

"बट यू सेड वी'र बिहाइंड देम."

"मागेच आहोत ना! मागे उभं राहणारा माणूस कधी वर्गात जाऊन बसतो का? अध्यक्षांची मुलगी कॉम्प्युटरला गेली नाही, तर उद्या मी मंडळात कुठल्या तोंडाने जाऊ?"

क्षितिजा रडली, भांडली, जेवली नाही. शेवटी प्रवेशअर्जाची मुदत संपण्याआधी तिने पसंतीक्रम बदलला. कॉम्प्युटर वर आले, आफ्रिका यादीतून गेली.

विभाग बंद झाला. मंडळाने तातडीची सभा भरवून विद्यापीठाचा तीव्र निषेध केला. ठराव एकमताने संमत झाला. सभेतल्या बहुतेकांच्या घरी यंदा शाळा संपवलेले एक तरी मूल होते आणि सगळी कॉम्प्युटरला लागली होती. बोलताना शशिकांतरावांनी रुमाल काढून डोळे पुसले, आणि ते अगदी खरे ओले होते.

निषेधाचे निवेदन आता तुमच्याकडेही येईल. बिनधास्त सही करा. त्यात तुमच्या मुलीचे नाव मागितलेले नाही.