हंडी गल्लीत बसायचं नाही

सांगलीच्या हंडी गल्लीत पन्नाशी ओलांडलेलं माणूस जुन्या वस्तूंच्या दुकानात खाली बसलं, की ते त्या दुकानाचा माल होतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारादारावर तशी पाटीही असते: 'पन्नाशीपुढील गिऱ्हाइकांनी कृपया उभे राहावे.' मागच्या वर्षी एका निवृत्त तलाठ्यांना तिथे चक्कर आली आणि ते शिसवी बाकावर टेकले. दोनच दिवसांत बेळगावच्या एका कुटुंबाने त्यांना नेलं. व्हरांड्यात ठेवलंय आणि तिथे ते शोभतात, असं ऐकलं.

तरी आम्ही जायचो. एकदा जुन्या वस्तूंचा नाद लागला की माणूस पाटी वाचतं आणि आत शिरतं.

आम्ही तिघी होतो. मी हेमलता. दुसरी रेहाना बागवान, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिची नजर अशी की धुळीखालचा खरा रंग तिला लांबून दिसायचा. आणि तिसरी वैजयंती मगदूम, आमची वैजू. वैजूने विश्रामबागेत नवा बंगला बांधला होता आणि तो सजवायला आम्हा दोघींना कामाला लावलं होतं. "नव्या घरात जुनं काहीतरी पाहिजेच," ती म्हणायची, "नाहीतर लॉजमध्ये उतरल्यासारखं वाटतं."

रेहानाची आणि माझी पन्नाशी होऊन गेली होती, त्यामुळे गल्लीत आम्ही कायम उभ्या. वैजूची गोष्ट वेगळी. तिचा जन्म कोयनेच्या भूकंपाच्या आठवड्यातला. बाळंतिणीला तिच्यासकट अंगणात आणून निजवलं होतं, हे ती कौतुकाने सांगायची. पण शाळेत घालताना गुरुजींनी दाखल्यावर एक जून लिहिली आणि वर दीड वर्ष कमी केलं. तिची खरी पन्नाशी नुकतीच, डिसेंबरात झाली होती.

त्या दिवशी रिक्षातच मी तिला म्हटलं, "वैजू, आज बसू नकोस हं."

"अगं, सरकारदरबारी मी अजून अठ्ठेचाळीसची आहे," ती म्हणाली. "आधार कार्ड पर्समध्ये आहे माझ्या."

रेहानाने फक्त वैजूचा हात धरला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडला नाही.

कोऱ्यांचं दुकान लांबोडकं आहे. पुढे पितळ, मध्ये काच आणि चिनी माती, मागे लाकूड. वैजूला जिन्यावर टांगायला निळ्या काचेच्या दोन हंड्या हव्या होत्या, अगदी जोडीच्या. एक दारातच सापडली. दुसरीसाठी आम्ही सगळं दुकान पालथं घातलं. रेहाना प्रत्येक वस्तू उलटी करून बघत होती. "ही समई नको, बूड नवं बसवलंय. हा आरसा नको, मागची फळी प्लायवूडची आहे." एकही जोड तिच्या बोटांतून सुटत नव्हता. दुकानाचे मालक कोरे हसत होते. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, बोलणं अतिशय मऊ.

शेवटी मागच्या बाजूला, एका गोणपाटाखाली मला दुसरी हंडी दिसली. तोच निळा रंग, तीच सोनेरी कड. मी ओरडलेच. वैजू लगबगीने आली, हंडी दोन्ही हातांत घेऊन तिने उजेडात धरली आणि लहान मुलीसारखी हसली. मग शेजारच्या लांब हातांच्या आरामखुर्चीत ती हंडी मांडीवर घेऊन बसली.

"आई गं," ती म्हणाली, "बरं वाटलं."

खुर्ची जराशी करकरली. बाकी काहीच झालं नाही. मी हंडी घ्यायला हात पुढे केला, पण वैजूची बोटं सुटेनात.

"उठ बघू," रेहाना म्हणाली.

"उठते की." ती बसूनच राहिली. "उठतेय गं." तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त डोळे मोठे झाले होते. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "हेमा, मला माझे पाय सापडत नाहीत."

मी वाकून बघितलं. पाय तिथेच होते.

कोरे चष्मा पुसत आले. त्यांनी वैजूकडे बघितलं आणि खरोखर वाईट वाटल्यासारखं च् च् केलं.

"हिचं वय दाखल्यावर अठ्ठेचाळीस आहे," मी म्हणाले. वैजूच्या पर्समधून आधार कार्ड काढून मी त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी कार्ड नीट वाचलं, परत दिलं. "बरोबर आहे, ताई. पण माझ्याकडे रोज लोक येतात, संस्थानच्या काळातलं कपाट म्हणून कागद दाखवतात. मी कपाट बघतो. खुर्चीनं कागद बघितला नसणार."

"आम्ही हिला उचलून नेतो."

"मालाला असं नेता येत नाही. मी बसा म्हटलं का त्यांना? पाटी लावलीय."

तेवढ्यात काचेच्या कपाटामागून एक तरुण बाई आली. पणजीची होती, हॉटेलं सजवून देणारी. आम्ही सकाळी तिला बघितलं होतं. तिशीतली असल्यामुळे ती तिपाई घेऊन दुकानभर हिंडायची आणि वाटेल तिथे बसायची. आताही तिने तिपाई वैजूसमोर ठेवली, बसली आणि मान वाकडी करून निरखू लागली.

"ह्या विकायच्या आहेत?"

"आत्ताच आल्यात," कोरे म्हणाले.

"रिसेप्शनला अशीच एखादी हवी होती. हंडीसकट." तिने टेप काढून वैजूच्या खांद्यांचं माप घेतलं. "हसतात का?"

"हसतील. सवयीनं."

वैजू त्या बाईकडे बघत होती. तिच्या गालावर धूळ बसू लागली होती; इतक्या लवकर कशी, कोण जाणे. "हेमा," ती म्हणाली, "ह्यांना फोन कर."

वैजूचे यजमान सुधाकरराव धावतपळत आले. साठीचे गृहस्थ, हेल्मेट डोक्यावर तसंच. बायकोला बघून ते जागच्या जागी थबकले.

"वैजयंती, चल."

"येते की हो," वैजू म्हणाली.

ते कोऱ्यांकडे वळले. "मी घेतो हिला. काय असेल ते सांगा."

"साहेब, पहिली विचारणा ह्या मॅडमची आहे," कोरे म्हणाले. "धंद्याची रीत मोडता येत नाही. त्यांनी नको म्हटलं तरच पुढचं. तुम्ही जरा बसा, पाणी घ्या."

सुधाकररावांचे गुडघे वाकले. मागे एक स्टूल होतंच. मी झडप घालून त्यांचा दंड धरला. "बसू नका!" माझा आवाज असा फुटला की काचा वाजल्या. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि हेल्मेटमधून त्यांच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

माझेही पाय भरून आले होते. सकाळपासून आम्ही उभ्याच. आता कुठेही बघितलं तरी बसायच्या जागाच दिसत होत्या: चौरंग, पाट, झोपाळा, बैठक घातलेली पेटी. पूर्वी त्या मला वस्तू वाटायच्या. आता त्या वाट बघत असल्यासारख्या वाटत होत्या.

रेहाना इतका वेळ वैजूभोवती फिरत होती. समईभोवती फिरायची तशीच. ती थांबली आणि पणजीच्या बाईला म्हणाली, "तुम्हाला डागडुजी केलेला माल चालतो?"

"छे. मला सगळं ओरिजिनल लागतं."

"मग हिचे दोन्ही गुडघे नवे आहेत. मिरजेला बसवलेत."

"रेहाना!" वैजू म्हणाली. तिने ते ऑपरेशन आम्ही दोघी सोडून सगळ्यांपासून लपवलं होतं. महिनाभर लेकीकडे बेंगळुरूला होते, असं सांगितलं होतं. मालाला लाज वाटते, हे मी तेव्हा बघितलं.

"माफ कर गं," रेहाना म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

कोऱ्यांनी वाकून, आदराने, वैजूच्या गुडघ्यावर बोटाचं पेर आपटलं. टण्ण. दुसऱ्यावर आपटलं. टण्ण. त्यांचा चेहरा उतरला.

"धातू आहे, मॅडम. मी खोटं सांगणार नाही."

पणजीच्या बाईने टेप गुंडाळला. मला वाटलं, सुटलो. पण ती उठली नाही. तिची नजर सावकाश माझ्यावर आली. "आणि ह्या?"

"त्या उभ्या आहेत," कोरे म्हणाले.

"हो, पण दमल्यात."

ती तिपाईवर बसून माझ्याकडे बघत राहिली. काही घाई नसल्यासारखी. माझ्या पोटऱ्या उडायला लागल्या. मी कपाटाला टेकणार होते, पण टेकणं म्हणजे बसणं की नाही ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून हात मागे घेतला.

"आता आम्ही नेतो हिला," सुधाकरराव म्हणाले.

"दुकानातून नाही देता येणार," कोरे म्हणाले. "जोडकाम निघालेला माल मी जुना म्हणून विकत नाही. त्याची जागा मागच्या अंगणात. भंगारची गाडी येते, ती घेऊन जाते."

"कुठे?"

"मी कधी विचारलं नाही."

"आणि अंगणातून आम्ही उचललं तर?" रेहाना म्हणाली.

कोऱ्यांनी विचार केला. "भंगार ज्यानं उचललं त्याचं. गाडीच्या आधी उचला, म्हणजे झालं."

गल्लीच्या टोकाला गाडीवाल्याची घंटा वाजत होतीच.

कोऱ्यांच्या माणसांनी खुर्ची अंगणात नेऊन गंजक्या पत्र्यांशेजारी ठेवली. आम्ही तिघांनी ती धरली. वैजू आडव्या अंगाची, पण इतकी जड ती नव्हती. लाकूड कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते, ते हाताला कळत नव्हतं. दहा पावलं गेलो आणि माझी पकड सुटायला लागली. मागे फरशीवर काहीतरी सरपटत असल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर पणजीची बाई तिपाई ओढत माझ्यामागे येत होती. तिने ती अगदी माझ्या पायांशी ठेवली.

"जरा टेका ना, बाई," ती प्रेमाने म्हणाली. "किती ओढाताण ती."

मला बसावंसं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला आयुष्यात दुसरं काहीच नको होतं, फक्त त्या तिपाईवर बसायचं होतं, आणि कुणीतरी मला हॉटेलच्या दिव्याखाली ठेवावं, एवढंच.

"हेमा, माझ्याकडे बघ," खुर्चीतून वैजू म्हणाली. "माझ्याकडे बघत चाल."

मी तिच्या डोळ्यांत बघत पावलं टाकत राहिले. फाटकातून भंगारची गाडी आत शिरत होती. गाडीवाल्याने खुर्चीचा एक हात पकडला. रेहानाने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "उचललंय आम्ही." त्याने आमच्या हातांकडे बघितलं, मग खाली बघितलं, खुर्चीचे पाय जमिनीपासून वर होते. त्याने हात काढला आणि पत्रे भरायला लागला.

टेंपोतून वैजूला घरी आणलं. डॉक्टर येऊन गेले. नाडी, रक्तदाब, सगळं उत्तम, म्हणाले. उठत का नाही, ह्याबद्दल ते म्हणाले की हंडी गल्लीचं असेल तर त्यांच्याकडे औषध नाही.

रेहाना आणि मी रोज संध्याकाळी जातो. पहिले काही दिवस आम्ही तिच्या पायांना तेल लावून चोळलं, तिचं नाव घेऊन हाका मारल्या, रडलोसुद्धा. वैजू बोलते, पण थोडं. एकदा मी विचारलं, "भीती वाटते का गं?"

"तिथे वाटली," ती म्हणाली. "आता नाही. आता तुम्हालाच वाटतेय."

खरं होतं ते. मला रात्रभर झोप लागत नव्हती.

काल गेले तर सुधाकरराव एकटेच दिवाणखान्यात होते. बाहेरची माणसं येऊन गेली होती, आणि पहिल्यांदाच कुणीतरी वैजूचं कौतुक केलं होतं. अशी वस्तू आता बघायला मिळत नाही, म्हणाले. सुधाकररावांच्या हातात मऊ फडकं होतं आणि ते खुर्चीपुढे घुटमळत होते.

"तुम्हाला ह्यातलं कळतं, हेमाताई," ते म्हणाले. "ओल्यानं पुसायचं की कोरड्यानं?"

मी वैजूकडे बघितलं.

"कोरड्यानं," वैजू म्हणाली. "आणि मला खिडकीपासून जरा आत घ्या. उन्हानं रंग उडतो."

आम्ही दोघांनी तिला आत घेतलं.