ड्रायव्हरबाई मरायला तयार नाहीत

प्रयोग सहाचा, आणि साडेचारला तिकीटखिडकीवर एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"पहिल्या रांगेतलं एक तिकीट द्या. आणि त्या फळ्यावरचं 'कै.' आधी पुसा."

खिडकीत खुद्द सचिव बसले होते. त्या नाट्यमंडळात खुर्च्या पुसण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळं तेच करत. "आजी, ते कसं पुसणार? ड्रायव्हरबाई वारल्यात."

"कधी?"

"झाली असतील काही वर्षं. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मीच ती," म्हातारी म्हणाली आणि पिशवीतून जुनं लायसन्स काढून तिनं खिडकीत आपटलं. फोटोतलं नाक आणि खिडकीतलं नाक एकच होतं. नाक असं होतं की चुकायला जागाच नव्हती. सचिवांच्या हातातला तिकिटांचा गठ्ठा खाली पडला.

आता, ड्रायव्हरबाई वारल्या हे मंडळाला सांगितलं कुणी? कुणीच नाही. शहरात बस चालवणारी पहिली बाई ती. तिच्या नावाचा बसथांबा मंडईसमोर आहे. नाटकाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी भीत भीत विचारलं होतं, "त्या आहेत का हो अजून?" त्यावर सचिव म्हणाले, "जिवंत माणसाचं नाव थांब्याला कोण देतं?" अकराच्या अकरा सभासदांनी माना डोलावल्या आणि बाईंचं मरण एकमतानं मंजूर झालं. बाई तिकडे दुसऱ्या गावी पुतणीकडे ठणठणीत होत्या, रोज सकाळी तीन मैल चालत होत्या. पुतणीनं नाटकाची जाहिरात वाचून दाखवली तेव्हा त्यांना आपल्या निधनाची बातमी कळली.

सचिव धावत रंगपटात शिरले. तिथं आरशासमोर कुजबुजबाई खाकी शर्टाची बटणं लावत होती. हे नाव तिला मंडळातल्या नटांनी दिलेलं. बावीस वर्षं ती विंगेत स्टुलावर बसून वाक्यं पुरवत आली होती. तिच्या कुजबुजीवर नटांनी बक्षिसं मिळवली, हारतुरे घेतले, आणि एकानंही कधी 'बाई, पाणी हवंय का' म्हणून विचारलं नाही. तीन वर्षं भांडून तिनं हे एकपात्री स्वतः लिहिलं आणि स्वतःसाठी मिळवलं. सचिवांनी अटच घातली होती, "एक प्रयोग देतो. पडला तर पुन्हा विंगेत, आणि हा विषय कायमचा बंद." कुजबुजबाईचा सगळा जीव त्या एका प्रयोगात होता.

"प्रयोग रद्द!" सचिव धापा टाकत म्हणाले. "त्या जिवंत आहेत!"

"कोण?"

"तुम्ही!"

मागून म्हातारी आत आलीच. कुजबुजबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. तीन वर्षं ती या बाईच्या आयुष्यात राहत होती, आता घरमालकीण दारात उभी होती. पण क्षणभरच. मग तिनं वरचं बटण लावलं.

"रद्द करायचा तर आधी मला रद्द करा," ती सचिवांना म्हणाली.

"रद्द कशाला?" म्हातारी स्टुलावर ऐसपैस बसली. "करू दे की तिला. चांगली चारशे माणसं येणार म्हणे. फक्त मला मारू नका म्हणजे झालं."

"मरण काढता येणार नाही," कुजबुजबाई म्हणाली.

"का?"

"पंधरा मिनिटांचं आहे. माझं सगळ्यात चांगलं तेच आहे."

"पंधरा मिनिटं? अगं, मला झालंय तरी काय?"

"हृदय. चालत्या बसमध्ये, स्टिअरिंगवर डोकं ठेवून."

"आणि बस भरलेली?"

"खच्चून."

म्हातारी ताडकन उभी राहिली. "भरलेली बस वाऱ्यावर सोडून मी मरेन? बत्तीस वर्षांत कुणाला ओरखडा नाही आला माझ्या हातून! आधी गाडी कडेला घेईन, हँडब्रेक ओढीन, मग काय मरायचं ते बघू."

"बरं, कडेला घेऊन मरते," कुजबुजबाई म्हणाली. "पण मरणार."

"मी मरणार नाही!"

"तुम्ही नका मरू. मी मरतेय."

सचिवांनी दोघींच्या मध्ये हात जोडले. ते म्हातारीला म्हणाले, "आजी, निदान तुम्ही रंगपटात थांबा. दोन तासांचा प्रश्न आहे. तेवढा वेळ मेलात तर तुमचं काय बिघडतं?" म्हातारीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की सचिव आपण होऊन तिला पहिल्या रांगेत बसवून आले. मात्र येता येता त्यांनी एक शहाणपणा केला. कुजबुजबाईचा नवरा विंगेत बसचा भोंगा घेऊन बसला होता. एकपात्रीतलं संगीत म्हणाल तर तेवढंच. सचिव त्याच्या कानात म्हणाले, "म्हातारीनं तोंड उघडलं की भोंगा वाजवायचा. लोकांना ऐकू जाता कामा नये."

पडदा उघडला. लाकडी स्टिअरिंग, एक सीट, आणि मधोमध कुजबुजबाई. पहिलं वाक्य तिनं कुजबुजतच म्हटलं, सवयीनं. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" आणि मग मात्र बाईचा आवाज असा काही फुटला की विंगेतला नवरा दचकला. त्यानं घरातसुद्धा हा आवाज ऐकला नव्हता. डेपो मॅनेजर बस द्यायला नकार देतो, आणि ड्रायव्हरबाई तीन दिवस स्टिअरिंगसमोरून हलत नाहीत, तो प्रवेश चालू होता. लोक खुर्चीच्या कडेला आले होते.

"तीन नाही, चार दिवस!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"पों!" विंगेतून भोंगा.

"आणि गिअर असा नाही टाकत! कोपरातून टाक!"

"पों! पों!"

कुजबुजबाई दचकली, आणि पुढचं वाक्य गेलं. साफ गेलं. तिनं सवयीनं विंगेकडे पाहिलं. विंगेत स्टूल होतं, स्टुलावर कुणी नव्हतं. अख्ख्या मंडळात एकच प्रॉम्प्टर, आणि ती रंगमंचावर उभी! एकपात्रीच्या पात्राला वाक्य कोण पुरवणार, हे अकरा सभासदांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नवऱ्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं भोंगा वाजवला.

चारशे माणसं गप्प. कुजबुजबाईच्या डोळ्यांपुढे ते रिकामं स्टूल नाचायला लागलं. संपलं सगळं, तिला वाटलं, जा आता परत आणि बस तिथं जन्मभर.

"'साहेब, किल्ली द्या, नाहीतर मला बसगाडीसकट भंगारात काढा,'" पहिल्या रांगेतून म्हातारी म्हणाली. "असं म्हणाले होते मी त्याला."

नाटकातल्या वाक्यापेक्षा हे चांगलं होतं. कुजबुजबाईनं ते उचललं, दणकून म्हटलं, आणि टाळी पडली.

इथं थांबायला हवं होतं. पण म्हातारीला टाळीची चव लागली! त्यानंतर प्रत्येक वाक्य आधी पहिल्या रांगेतून यायचं आणि मग रंगमंचावरून. वर भोंगा. लोक हसायला लागले, आणि ते हसू काही ड्रायव्हरबाईंच्या पराक्रमाला नव्हतं. बावीस वर्षं आपण नटांना किती छळलं असेल हे कुजबुजबाईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सचिव विंगेतून हातवारे करत होते, "एकपात्री! एकपात्री!" शेवटी त्यांनी पडद्याच्या दोरीलाच हात घातला.

ते तिनं पाहिलं, आणि तिचं डोकं फिरलं. ती सीटवरून उठली आणि थेट रंगमंचाच्या कडेला आली.

"दोरी सोडा!" ती विंगेकडे न बघता गरजली. सचिवांनी दोरी सोडली. "अहो, तुम्ही तो भोंगा खाली ठेवा!" नवऱ्यानं भोंगा ठेवला. मग ती वाकून पहिल्या रांगेला म्हणाली, "आणि आजी, तुमच्या बसमध्ये डोक्यावर एक पाटी असायची. काय लिहिलेलं असायचं तिच्यावर?"

म्हातारीचं तोंड उघडं राहिलं.

"सांगा ना. सगळ्यांना ऐकू दे."

"ड्रायव्हरशी बोलू नये," म्हातारी हळूच म्हणाली.

"आज ड्रायव्हर कोण आहे?"

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अशीच खाकी वर्दी म्हातारीनं स्वतः अंगावर घातली होती त्या काळी तिच्याही मागे कुणी उभं नव्हतं. "तू," ती म्हणाली, आणि हात बांधून बसली.

त्यानंतर प्रयोग सुसाट सुटला. मरणाचा प्रवेश आला तेव्हा कुजबुजबाईनं एकदा पहिल्या रांगेकडे पाहिलं. म्हातारीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही. तिनं बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, शेवटच्या प्रवाशाला हात धरून उतरवलं, मग रिकाम्या सीटांना एकेक करून निरोप दिला आणि सावकाश, मनसोक्त, एकही सेकंद न वगळता ती मेली. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. विंगेत नवरा ढसाढसा रडत होता.

प्रयोगानंतर सचिव रंगपटात आले ते नाचतच. "बाई, दहा प्रयोग नक्की! फक्त शेवट बदलू. त्या हयात आहेत म्हटल्यावर बरं दिसत नाही ते. आजींचीही तीच इच्छा..."

"शेवटाला हात लावलात तर याद राखा," म्हातारी दारातून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

कुजबुजबाई वळली. "पण तुम्हीच तर म्हणत होतात..."

"तेव्हा मी पाहिलं कुठं होतं?" म्हातारी आत येऊन तिच्याशेजारी बसली. "पुतणी सकाळी कामाला जाते ती संध्याकाळी येते, पोरी. माझं खरंखुरं व्हायचं ते त्या मधल्या वेळात, बंद घरात होणार. आज चारशे माणसं रडली माझ्यासाठी. मीही रडले, म्हटलं, गेली बिचारी."

कुजबुजबाईनं तिचा हात धरला. मग म्हातारीनं पदरानं नाक पुसलं आणि सचिवांकडे बोट रोखलं.

"पुढच्या प्रयोगापासून पंचवीस मिनिटं करा. पंधरात नीट मरून होत नाही."