पंख्याऐवजी पुरचुंड्या

"पंखा कशाला, मालक? मी आहे ना!"

हे वाक्य निघालं त्याच क्षणी कुणीतरी वैद्यबुवांच्या तोंडात बोळा कोंबायला हवा होता. पण हजार कपड्यांच्या त्या लॉन्ड्रीत ऐन वेळी एक बोळा सापडू नये, याला काय म्हणावं!

वैद्यबुवा वैद्य नव्हतेच मुळी. ते लॉन्ड्रीचे सुपरवायझर. मात्र आजोबांनी लिहिलेली झाडपाल्याच्या औषधांची एक वही त्यांच्याकडे होती, आणि कुणी नुसतं शिंकलं तरी ती बाहेर निघायची. म्हणून सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. ही थट्टा आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक नव्हतं.

झालं असं, की इस्त्रीच्या खोलीत आठ टेबलं, आठ वाफेच्या इस्त्र्या, आठ बायका आणि खिडकी एकच. तीही बॉयलरच्या बाजूला उघडणारी! उन्हाळ्यात तिथे उभं राहायचं म्हणजे झाकण घातलेल्या पातेल्यात उभं राहायचं. गेल्या आठवड्यात त्या आठजणींची मुख्य, म्हणजे वैद्यबुवांची स्वतःची बायको, चादरीला इस्त्री करता करता चादरीवरच आडवी झाली. मालक घाबरले. गवंडी आला, भिंतीवर खडूने भला मोठा चौकोन काढून गेला. इथे भोक पाडायचं आणि गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचा! त्या दिवशी बायको घरी आली ती चक्क गुणगुणत. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आणि शनिवारी वैद्यबुवांना वहीत 'उष्णतेवर रामबाण' सापडला. ते तडक मालकांकडे गेले आणि ते वाक्य बोलून बसले. मालकांचा खर्च वाचत होता. आंधळा मागतो एक डोळा! त्यांनी तिथल्या तिथे गवंड्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" बायको म्हणाली.

"अगं, पंखा वरवरचा. औषध माणसाला आतून थंड करतं."

"मग व्हा आतून थंड. माझ्याशी बोलू नका!"

आणि तिने बोलणं बंद केलं ते केलंच.

आता मात्र वैद्यबुवांना हिशोब कळला. औषध फसलं तर पंखाही नाही, औषधही नाही, आणि बायको पुन्हा आडवी होणार! रविवारभर त्यांनी घाण्याच्या बैलासारखं काम केलं. वाळा, धने, बडीशेप, पुदिना, जास्वंद आणि वर सढळ हाताने सब्जा. पांढऱ्या मलमलीत बांधून चोवीस पुरचुंड्या केल्या. काही पिण्याच्या पाण्यात सोडायच्या, बाकीच्या बर्फात गार करून एकेकीच्या मानेवर ठेवायच्या. सोमवारी सकाळी एक पुरचुंडी मालकांना दाखवायला म्हणून खिशात टाकली, तेवीस दाराजवळच्या टोपलीत ठेवल्या आणि ते बर्फ आणायला गेले.

त्या लॉन्ड्रीत एक नियम होता. फार पूर्वी एका कामगाराने एका प्रतिष्ठित गिऱ्हाइकाची पुरचुंडी उघडली, आणि आतल्या वस्तूची चर्चा महिनाभर गावात पुरली. तेव्हापासून भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'बांधलेली पुरचुंडी सोडू नये. तशीच धुवावी.' पाटी वैद्यबुवांनीच रंगवली होती. आणि धुलाई मशीन चालवणाऱ्या मामांनी एकोणीस वर्षांत एकही नियम मोडलेला नव्हता.

बर्फ घेऊन वैद्यबुवा परतले तर टोपली रिकामी!

"मामा, इथल्या पुरचुंड्या?"

"गेल्या."

"कुठे गेल्या?"

"मशीनमध्ये. हॉटेलच्या चादरींबरोबर. कडक गरम पाणी लावलंय, काळजी नको!"

"अहो, त्यात औषध होतं!"

"मला काय माहीत? सोडू नये, असं तुम्हीच लिहिलंय."

"मशीन थांबवा!"

"चालू मशीन थांबवू नये. खालची ओळ. तीही तुमचीच."

मग दोघे मशीनच्या काचेसमोर चाळीस मिनिटं उभे राहिले. काचेमागे पाणी आधी हिरवं झालं, मग जांभळं, मग त्याला नाव देण्यात अर्थ उरला नाही. वैद्यबुवांच्या हातातला बर्फ वितळून पायांवर गळत राहिला. त्या दिवशी त्या औषधोपचाराने गार झालेला अवयव तेवढा एकच!

दार उघडलं. वास स्वर्गातला, रंग नरकातला! नव्वद चादरींवर जांभळे ढग, आणि प्रत्येक चादरीला टम्म फुगलेला सब्जा बेडकाच्या अंड्यांसारखा चिकटलेला. हॉटेलची गाडी सहाला येणार होती.

चादरी पुन्हा धुतल्या. पुन्हा धुतल्या. तिसऱ्यांदा धुतल्या. बॉयलर दिवसभर धडधडत होता आणि इस्त्रीच्या खोलीत कधी नव्हे इतकी वाफ कोंडली होती. आठांपैकी एक बाई उन्हामुळे आलीच नव्हती. तिच्या टेबलाकडे बायकोने नुसतं बोट दाखवलं. वैद्यबुवा निमूट जाऊन उभे राहिले.

पाच चादरी त्यांनी ऐटीत केल्या. दहाव्या चादरीला शर्ट अंगाला चिकटला. पंधराव्या चादरीला त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती वर न बघता, एका लयीत इस्त्री फिरवत होती. इतक्या वर्षांत आपण या खोलीत कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त उभे राहिलो नाही, हे त्यांना आठवलं आणि मनापासून लाज वाटली. विसाव्या चादरीला भिंतीवरचा खडूचा चौकोन हलायला लागला. एकविसावी चादर त्यांनी अंगाखाली घेतली!

"वैद्यबुवा पडले!" मालक धावत आले. "अहो, काय देऊ? कोणतं औषध?"

वैद्यबुवांनी हात उचलून चौकोनाकडे दाखवला. "मालक... पंखा..."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "भिंतीत पंखा दिसतोय यांना! परवा स्वतःच नको म्हणाले होते! उष्णता पार डोक्यात गेली हो!"

"मी शुद्धीवर आहे. पंखा लावा."

"बघा, बडबड वाढली!"

मालकांनी त्यांच्या खिशातली पुरचुंडी ओढली, पेल्यात बुडवली आणि दोन थेंब त्यांच्या जिभेवर पिळले. तेवढ्यात बायकोने वैद्यबुवांना बखोटीला धरून दाराबाहेर ओढत नेलं. तिने साध्या पाण्याची बादली त्यांच्या अंगावर ओतली आणि उशीच्या अभ्र्याने ती जोरजोरात वारा घालू लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून पहिले शब्द निघाले.

"आता बरं वाटतंय का हो?"

ती बोलली! काय बोलतोय याचं भान न राहून वैद्यबुवा म्हणाले, "हो गं, खूप बरं वाटतंय."

"गुण आला!" मालक पेला हातात धरून ओरडले. "दोन थेंबांत गुण! वैद्यबुवा, मानलं तुम्हाला!"

आणि खिशातून रुमाल काढून ते आत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तो खडूचा चौकोन स्वच्छ पुसून टाकला.

बायकोने वारा घालणं थांबवलं.