अकराच्या ठोक्याची मागणी

सूपचा धंदा असा जोरात वाढला होता की दादा बुडायच्या बेतात आला होता. कचेऱ्या रोज सूप मागवत आणि पैसे दोन महिन्यांनी देत. भाजीवाला मात्र रोख मिळाल्याशिवाय टोमॅटोला हात लावू देत नसे. आज गुंतवणूकदार साहेबांनी भांडवल दिलं नाही, तर उद्या शेगडी पेटणार नव्हती.

म्हणून दादाने शक्कल लढवली. झाडून सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडला: अकराला साहेब येतील, तेव्हा रोखीच्या ऑर्डर द्या, ते गेले की रद्द करा.

साहेब आले आणि फोन खणखणू लागला. आत्याने बारा वाडगे सांगितले, मामांनी वीस, चुलत सासऱ्यांनी तर पन्नास! सोंगच आणायचं, तर हात आखडता कोण घेतो?

"वा!" साहेबांनी कोट काढला. "हे सगळं वेळेत कसं पोचतं, ते बघूनच जातो."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "आता गं?"

"आता काय? चिरायला घे!" त्याची बायको म्हणाली. सगळे तिला वहिनी म्हणत.

टोमॅटो संपले. भाजीवाला दारात हात पसरून उभा राहिला, तेव्हा साहेबांनीच खिशातून नोटा काढल्या. मग बाह्या सारून ते कांदे सोलायला बसले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दादाला बघवेना.

"साहेब, हे सगळं खोटं आहे हो! नातेवाईक आहेत आमचे. रद्द करणार आहेत."

साहेबांनी सुरी खाली ठेवली. "भांडवल विसरा. आणि भाजीचे पैसे घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

वहिनीने शांतपणे फोन उचलला. "आत्या, सूप निघालंय. पैसे काढून ठेवा."

"अगं, पण ते सोंग होतं ना?"

"सोंग होतं. सूप खरं आहे."

बाकीच्या नातेवाइकांपुढे कोण माघार घेणार? चुलत सासऱ्यांनी पन्नास वाडग्यांचे पैसे दात-ओठ खात, पण रोख दिले. संध्याकाळी वहिनीने साहेबांसमोर नोटा ठेवल्या.

"हे तुमचे भाजीचे. आणि हा तुमच्या वाट्याचा नफा."

साहेबांनी नोटा दोनदा उलटसुलट करून पाहिल्या.

"बारा वर्षं धंद्यांत पैसे घालतोय. परत आलेले आज पहिल्यांदाच बघतोय." त्यांनी पुन्हा पाकीट काढलं. "वहिनी, उद्या टोमॅटो किती लागतील?"