रस्त्याकडे तोंड केलेली ऊब

माझी बायको रुईझेन गेली, असा दवाखान्यातून फोन आला. त्याच दिवशी दुपारी गाव समितीचे सचिव फांग घरी आले आणि माझं घर आदर्श सौर घर म्हणून निवडलं गेल्याचं त्यांनी कळवलं. आधी त्यांनी दुःख व्यक्त केलं. वाटीभर गरम पाणी पिऊन होईपर्यंत ते टिकलं. मग ते छत बघायला अंगणात गेले.

"मू काका, वाईट वेळी आलो, कळतंय मला. पण निवड वरून झालीय. तुमचं घर रस्त्याला लागून आहे ना."

याखेरीज माझ्या घराची दुसरी काही पात्रता नव्हती.

आमच्या डोंगरात हिवाळ्यात अंगणातले रांजण तडकतात. आम्ही खांगवर झोपतो. खांग म्हणजे विटांचा रुंद ओटा. खाली मक्याची ताटं जाळायची आणि वर अख्ख्या घरानं आडवं व्हायचं. रुईझेनची त्याशिवाय एक सोय होती. ती काकडीच्या प्लास्टिकघरांत कामाला जायची. "काकडी उबेत झोपते आणि आपण कुडकुडायचं होय?" असं म्हणून ती तिथलं टाकाऊ प्लास्टिक आणायची, घराच्या दक्षिणेच्या भिंतीपुढे बांबूंवर ताणायची आणि आत काळे रंगवलेले पाण्याचे डबे रचायची. दिवसभर डबे ऊन खायचे. संध्याकाळी ती त्या भिंतीतली खिडकी उघडायची आणि खोली उबदार व्हायची. दवाखान्याच्या गाडीत बसताना ती म्हणाली होती, "थंडी पडायच्या आत प्लास्टिक लाव. नाहीतर बसशील नुसता."

पुढच्या आठवड्यात सौर पेट्या आल्या. पेट्या चांगल्या होत्या. उन्हानं आतली हवा तापते आणि नळीतून खोलीत येते. त्या छताच्या उत्तरेच्या उतारावर बसवण्यात आल्या.

"फांग, ऊन दक्षिणेकडून येतं," मी म्हणालो.

"काका, ऊन कुठूनही येऊ दे. पाहणीच्या गाड्या रस्त्यानं येतात, आणि रस्ता उत्तरेला आहे. मागच्या बाजूला पेट्या लावल्या तर बघणार कोण, तुमच्या कोंबड्या?"

कोंबड्या खरोखरच मागच्या बाजूला होत्या.

नंतर खांगचं धुराडं बंद करून त्यावर समितीच्या शिक्क्याची कागदी पट्टी चिकटवली गेली, कारण सौर घरातून धूर निघणं योजनेच्या उद्दिष्टाशी विसंगत होतं. मग मी प्लास्टिक ताणायला घेतलं, तेव्हा फांग धावत आले.

"हे काय करताय?"

"रुईझेननं सांगितलं होतं."

"काकू मोठ्या मनाच्या होत्या. पण ही अनधिकृत ऊब झाली, काका. उद्या खोली तापली तर ती पेट्यांनी तापली की प्लास्टिकनं, हे कसं ठरवायचं? श्रेय विभागलं जाईल. पाहणी संपेपर्यंत गुंडाळून ठेवा."

मी गुंडाळून दाराआड ठेवलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी खोलीतल्या तापमापकाचा पारा शून्याच्या जेमतेम वर होता. फांग त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी गल्लीतल्या बायकांना बोलावून खांगवर दाटीवाटीनं बसवलं आणि दार लावून घेतलं. शेजारची थांग आजी माझ्या कानाशी पुटपुटली, "मू, तुझं घर सूर्यावर चालत नाही रे, आमच्यावर चालतं. आधी सांगितलं असतंस तर निदान लसूण खाऊन तरी आले नसते."

पारा चढला. पाहुणे आले, त्यांनी पारा पाहिला, माना डोलावल्या. "वा, काय ऊब आहे," त्यांच्यातले मोठे साहेब म्हणाले. त्यांच्या कोटाचं वरचं बटणसुद्धा लागलेलं होतं.

पाहणी यशस्वी झाल्यानं ती संपली नाही. इतर गावांचे लोक दर आठवड्याला घर बघायला येऊ लागले. बायकांच्या पाळ्या ठरल्या. गर्दी असेपर्यंत खोली बरी असते, खांगवर गप्पा चालतात, कोणी सूर्यफुलाच्या बिया फोडतं, कोणी रुईझेनची आठवण काढतं. गाड्या निघाल्या की सगळे घरी जातात आणि भिंती परत गार पडतात. आता पाहुण्यांची वाट मीच बघतो. परवा आजीला विचारलं, "उद्या येणार का कोणी?" ती म्हणाली, "तुझ्या बायकोला असली ऊब चालली असती का रे?"

तुम्हीही कधी या बाजूला आलात तर घर सापडायला अडचण येणार नाही. पेट्या रस्त्यावरून छान दिसतात. तुम्हीही थांबाल, फोटो काढाल, आत येऊन ऊब आहे म्हणाल. कोट काढू नका. घराला वळसा घालून दक्षिणेच्या भिंतीकडे अजून कोणी गेलेलं नाही. तुम्हीही जाणार नाही.

प्लास्टिक दाराआड आहे. डबे रिकामे आहेत. थंडी केव्हाच पडली, आणि प्लास्टिक लावायचं राहिलं आहे.