निळा चीक

दामोदर सरांकडे चहाला गेलं की आधी काचेचं भांडं पुढ्यात येतं. चहा नंतर, तोही आठवला तर. भांड्यात ते पाण्यासारखी दिसणारी तीन रसायनं एकत्र ओततात. मिश्रण पिवळं होतं, क्षणात काळंनिळं होतं, मग पुन्हा पाण्यासारखं. परत पिवळं, परत निळं, असं दहा-पंधरा वेळा. सर तेवढा वेळ येरझारा घालत मोठ्यानं मोजतात आणि पाहुण्यालाही मोजायला लावतात. अनसिंगच्या ज्युनियर कॉलेजात आम्ही बरोबर शिकवलं, ते रसायनशास्त्र आणि मी मराठी, त्यामुळे मला पळही काढता येत नाही.

"थांबा भाऊ, पलटते आता," हे त्यांचं ब्रीद. एसटी आली नाही, लाइट गेली, सोयाबीनचा भाव पडला, सगळ्यावर हेच औषध. रुसून किन्हीराजाला माहेरी जाणाऱ्या त्यांच्या बायकोला, कमलवहिनींना, ते लागूही पडायचं. वर्षातून एकदोनदा त्या जात आणि चौथ्या दिवशी आपल्या आपण परत येत.

या उन्हाळ्यात मात्र सरांनी हद्द केली. त्या मिश्रणात थोडा स्टार्च लागतो. वहिनींनी कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून, वाटून पातेलंभर चीक काढून ठेवला होता. सरांनी त्यातला थोडा घेतला. आणखी लागला म्हणून आयोडीन लागलेली तीच पळी पातेल्यात बुडवून चांगली ढवळली. अख्खा चीक निळा. वहिनींनी पातेलं अंगणात पालथं केलं, पिशवी भरली आणि गेल्या.

चौथा दिवस गेला, आठवा गेला. अकराव्या दिवशी मी डोकावलो तर ओट्यावर सात भांडी, सातही काळीनिळी होऊन थांबलेली. सर फाटकापर्यंत जात होते, परत येत होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. विचारलं, हे शेवटी थांबतं कशानं? आतला माल संपला की थांबतं, म्हणाले; मग कितीही वाट पाहा, आपल्या आपण नाही पलटत. एवढं बोलले आणि फाटकाकडे जाता जाता मध्येच थांबले.

"मंग तुमी जा ना आणाले," मी म्हटलं. "कायले वाट पाहून राह्यले?"

दहा मिनिटांत आम्ही स्टँडवर होतो. वाशिमची गाडी लागली. तिथून पुढं किन्हीराजा. सर एक पाय पायरीवर ठेवून तसेच उभे राहिले. मागची माणसं ढकलू लागली. मला वाटलं, हिंमत गेली यांची. तेवढ्यात त्यांनी वळून माझा दंड धरला. डोळे भरून आले होते.

"भाऊ, एकतीस वर्षांत मी तिले आणाले कधी गेलोच नाही," ते म्हणाले. "तिच्या भावाचं घर कोणत्या गल्लीत हाये, तेबी मले माहीत नाही."